बोट नसताना 'बोट आली'

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

मिरकरवाड्याच्या बोटींची खबर देणाऱ्या आमच्या वेबसाइटसाठी मी एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली आहे. बंदरावरून उत्तर येईपर्यंत पान थांबतं. 'बोट आली' या इव्हेंटसोबत, म्हणजे सूचनेसोबत, पोचल्याची वेळच यायला हवी, दुसरं काही आलं तर लाल अक्षरांत एरर येते.

काल आमच्या ऑफिसातल्या सचिनने ही तपासणीच काढून टाकली. का, तर साहेबांना डेमो देताना लाल अक्षरं बरी दिसत नव्हती!

आज समुद्र खवळलेला. बंदरावरून वेळेऐवजी 'अजून पत्ता नाही' एवढंच उत्तर आलं, पण तपासणीच नसल्याने पानावर झळकलं, 'बोट आली'.

हमीदाचाचींचा मुलगा त्याच बोटीवर. नातीने त्यांना सायबर कॅफेतून फोन केला, तशा त्या मुलाचा डबा घेऊन धक्क्यावर धावल्या. तीन तास उभ्या राहिल्या. मग तोच डबा घेऊन ऑफिसात आल्या. "पोरी, तुमच्या कॉम्प्युटरला दिसली ना बोट? मग मला का दिसत नाही?"

संध्याकाळी बोट आली. सचिन म्हणतो, "आली ना शेवटी? मग एवढं काय!"

साहेबांना लाल अक्षरं बघवत नाहीत म्हणे. चाचींचा चेहरा कुणी बघायचा?