मेहूण खांबावर

लहानूभाऊ हेडाऊ आमच्या भागाचे लाइनमन. मूळ खाप्याचे. वडील जन्मभर हातमागावर बसले, पण एका जागी बसणं यांच्या अंगात आलंच नाही. पंगतीतून अर्ध्या पानावरून उठलेले मी स्वतः दोनदा पाहिलेत.

मे महिन्यात वादळात झाड पडून लाइट गेली, तेव्हा सासूबाई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. जोडीच्या सिलिंडरमध्ये तासाभराचाच ऑक्सिजन उरला होता. लहानूभाऊ भर पावसात खांबावर चढले, पाऊण तासात लाइट आणली आणि चहासुद्धा न घेता गेले. आभार मानले तर म्हणाले, "ड्यूटीच हाय ना ताई."

म्हणून यंदा महालक्ष्म्यांना सासूबाईंनी ठरवलं, मेहूण म्हणून लहानूभाऊ आणि जयवंताबाई. आमच्याकडे आमंत्रणाचं हे जोडपं जेवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही. सासूबाई सकाळपासून नुसत्या पाण्यावर, आणि त्यांना शुगर.

पाय धुवायला परात पुढे केली तर भाऊंनी पाय मागे घेतले. "राहू द्या ताई, लय भेगा हायेत."

"अवो, धुवू द्या," जयवंताबाई म्हणाल्या. "मी सांगून थकली, आता देवीच सांगून राहिली."

पानं वाढली, उदबत्ती लावली, आणि भाऊंचा मोबाइल वाजला. पलीकडच्या गल्लीत तार तुटून रस्त्यावर पडली होती, आसपास पोरं खेळत होती.

"आलोच ताई," म्हणून ते गेलेसुद्धा.

"ह्यायचं 'आलोच' म्हंजे दिवेलागण," जयवंताबाई म्हणाल्या.

तीन वाजले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या.

"आई, तुम्ही खाऊन घ्या."

"काहून वं? माहा पाहुणा उपाशी हाय अन् मी खाऊ?"

"मग त्यांचं पान तिकडेच नेऊ का?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. आमच्या महालक्ष्म्यांचा प्रसाद उंबरठ्याबाहेर जात नाही. माझ्या आजारी आईसाठीसुद्धा सासूबाईंनी कधी एक पुरणपोळी जाऊ दिली नव्हती.

सासूबाईंनी महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांकडे पाहून हात जोडले. मग म्हणाल्या, "ने. त्यायले मी समजावीन."

मी स्कूटी काढली. मागे जयवंताबाई, त्यांच्या मांडीवर डबा. तार जोडून झाली होती, भाऊ खांबावर काहीतरी आवळत होते. मी खालून ओरडले, "उतरा भाऊ, आई अजून उपाशी आहेत!"

इतक्या लगबगीनं ते आजवर कोणासाठी उतरले नसतील. बंद दुकानाच्या ओट्यावर दोघांना शेजारी बसवलं. बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतले, कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला.

"ताई, लोकं पाहून राहिले," भाऊ लाजून चूर.

"पाहू द्या."

"लग्नानंतर आजच बसले माह्या बाजूले," जयवंताबाई म्हणाल्या.

मी घरी फोन लावला. "आई, घेतला घास."

"दोघायनंबी?"

"दोघांनीही. आता तुम्ही जेवा."

"त्याले आंबील अजून वाढजो. लाजते तो," सासूबाई म्हणाल्या, पण शब्द नीट कळले नाहीत. तोंडात पोळी होती.