गिरदावरांची अंबाडी

आदिलाबाद जिल्ह्याचा संपूर्ण इतिहास खाऊन बसलेला एकच मनुष्य मी आजवर पाहिला, आणि ते माझे साडू आहेत. महसूल खात्यात ते गिरदावर होते. गावोगाव फिरून उभ्या पिकांची पहाणी करणे हे त्यांचे काम. पिकांची पहाणी ते जेवणाच्या वेळेपर्यंत उरकत. खरी पहाणी ताट वाढल्यावर सुरू होई. भाकरी ते प्रथम उजेडाकडे धरत, तिची कड चाचपत, एक तुकडा मोडून नुसताच खात आणि घरच्या बाईचे माहेर सांगत. दहांपैकी आठ वेळा ते बरोबर निघे. उरलेल्या दोन वेळा, त्यांच्या मते, ती बाई खोटे बोलत असे.

मी शिक्षक होतो. पुराव्यावाचून विधान करणाऱ्यांविषयी मला आस्था नाही. तरीही भैंशाच्या एका लग्नघरी मी जे पाहिले ते सांगितले पाहिजे. घरच्या माणसांची पंगत बसली होती. साडूंनी वरणाचा पहिला घास घेतला, हात थांबवला आणि वरण केलेल्या बाईंना विचारले, "बाई, तुमचं माहेर पैनगंगेच्या पल्याड हाये ना? वरणात ओवा इकडं कोणी टाकत नाही."

बाई फणकारल्या. "काका, तुमी जेवून राह्यले का जबानी घेऊन राह्यले?"

"दोन्ही," साडू म्हणाले आणि भात मागून घेतला. बाईंचे माहेर पैनगंगेपलीकडचेच होते.

त्यांचा एक सिद्धान्त आहे. राज्ये बदलली, दफ्तरातली उर्दू जाऊन तेलुगू आली, जिल्ह्याचे तुकडे झाले. परंतु माणूस कुठला, हे त्यांच्या मते अंबाडीवरून कळते. "अंबाडी डाळीत घोटतात तिथवर आपला मुलूख, मास्तर. तिची पुंटीकूर म्हणून चटणी होऊ लागली, की समजा हद्द ओलांडली." दोन गावांच्या शिवेचा तंटा एकदा त्यांच्याकडे सोपवला गेला, तेव्हा त्यांनी दोन्ही गावांत जेवून तीन पानी अहवाल पाठवला. तो परत आला. तहसीलदारांचा शेरा होता, 'जेवण रुचकर होते हे समजले. शीव कोठे आहे ते कळवावे.'

त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी, वारल्या. त्यानंतर दर शनिवारी ते मुधोळहून बसने आमच्याकडे येऊ लागले. पिशवीत अंबाडीची जुडी असे. त्यांचे म्हणणे सरळ होते: दोघी बहिणी बाजारहत्नूरच्या एकाच चुलीपाशी वाढल्या, तेव्हा थोरलीच्या हातची चव गेली असली तरी तिची एक प्रत आमच्या घरी असलीच पाहिजे. ते सांगत तशी माझी पत्नी ज्वारीच्या कण्या घालून भाजी करी. ते एक घास घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "नाही." पुढच्या शनिवारी, "बाई, आंबट पाणी कमी पिळा." त्याच्या पुढच्या शनिवारी, "कण्या अजून बारीक भरडा." आणि पुन्हा, "नाही." असे अकरा शनिवार झाले. शेवटी मी म्हणालो, आता पुरे करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "फोटो हाये तिचा भिंतीवर, मास्तर. पण फोटो जेवू घालत नाही."

बाराव्या शनिवारी त्यांनी विचारले, "तुमच्या माहेरी कण्या त्या आंबट पाण्यातच शिजवत होते ना?"

पत्नीने पळी खाली ठेवली. "भाऊजी, आमच्या घरी अंबाडीत कण्या कधी पडल्याच नाहीत. अक्काले त्या तुमच्या मायनं शिकवल्या. नव्या नवरीले दोन महिने चुलीपाशी उभं करून शिकवल्या. माहेरी येऊन रडत होती अक्का."

घास त्यांच्या हातातच राहिला. साऱ्या तालुक्याच्या बायकांची माहेरे ओळखणारा हा मनुष्य आयुष्यभर आपल्याच आईच्या हातची चव खात आला होता, आणि ती त्याने सासुरवाडीच्या नावावर लावली होती.

"पण मी पहिल्यांदा तुमच्या माहेरी जेवलो तवा भाजीत शेंगदाणे होते," ते हळूच म्हणाले. "मी समजलो, जावई आला म्हणून टाकले."

"रोजच राहत होते."

मी पत्नीला विचारले, मग तुमच्याकडची भाजी नेमकी कशी असे? संसाराच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मी प्रथमच विचारला.

"काऊन? आज आठवण झाली?" ती म्हणाली. "मलेच आठवत नाही आता. तुमच्या आईनं पहिल्याच आठवड्यात मोडून टाकली ती सवय." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. त्या पहिल्या आठवड्यात मीही त्याच घरात जेवत होतो.

साडू हात धुऊन उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले. सासुरवाडीला पहिल्यांदा जेवलेले ते ताट त्यांना बारकाव्यानिशी पाठ होते. "हिरवी मिरची घ्या, लाल नाही. शेंगदाणे भरड, पीठ नको. डाळ हरभऱ्याची. लसणाचं तेल आता नाही, बाई, ताटात वाढल्यावर वरून." ते सांगत गेले, ती करत गेली. मग तिने बोटावर घेऊन चाखली आणि पुन्हा एकदा चाखली.

"माय अशीच करत होती," ती म्हणाली.

साडूंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. 'नाही' म्हणाले नाहीत. मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "बाईले तिची माय सापडली. माझी माय अन् माझी बायको एकाच भाजीत होत्या, मास्तर. अन् ती कशी करायची, हे मी कोणालेच विचारलं नाही." मी म्हणालो, पुढच्या शनिवारी या.

ते येतात. आमच्या घरी आता अंबाडी बाजारहत्नूरच्या पद्धतीने होते, आणि ती करताना पत्नी गुणगुणते. पूर्वी कधी ती गुणगुणल्याचे मला स्मरत नाही. माझ्या आईची भाजी त्या दिवसापासून झालेली नाही. ती कशी लागत असे, हे मला पुरते आठवते. मी मागत नाही.