पाचव्या दिवसाचा फोटो

दहावीला विज्ञान शिकवताना फलनाचा भाग मी नेहमी घाईत उरकत आले. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची आणि ती मला सहन होत नसे. अंडपेशी, शुक्राणू, झाला युग्मनज, चला पुढचं पान काढा. इतकं सोपं असतं तर लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मला उपचारासाठी नांदेड गाठावं लागलं नसतं.

दवाखान्यात माझी बारा स्त्रीबीजं काढली. आमच्या गावी, हट्ट्याला परतलो तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. बारा ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की मला रागच आला. खरं तर येताना गाडीत मीही बारा लेकरांची स्वप्नं बघत होते.

मग रोज सकाळी दवाखान्यातून फोन यायचा. काही बीजं पिकलीच नव्हती. पिकलेल्यांपैकी काहींचं फलन झालं नाही. ज्यांचं झालं, त्यातले बरेच गर्भ दोन पेशींचे चार होऊन तिथंच थांबले. फोन ठेवला की मी आत्यांना वर्गात सांगावं तसं सगळं समजावून सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि एकच विचारायच्या.

"थांबले म्हंजी मेले का?"

"त्या नुसत्या पेशी असतात हो आत्या." दर दिवशी हे मी जरा जास्तच चिडून सांगू लागले.

पाचव्या दिवसापर्यंत एकच टिकला. तो माझ्या गर्भाशयात सोडला आणि त्याचा फोटो आमच्या हातात दिला. करडा, गोल, आत एका कडेला थोडंसं काही गोळा झालेलं. नवऱ्यानं तो आधी उलटाच धरला होता. घरी आत्यांनी तो मागून घेतला आणि बुद्धांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचला. सकाळची वंदना झाली की त्या फोटोशी हळू आवाजात बोलायच्या. येता-जाता मीही बघायची, पण ते कुणाला कळू दिलं नाही.

पुढं रक्त तपासलं. दिवस राहिले नव्हते. दिसायला चांगला गर्भसुद्धा कधी कधी रुजत नाही, तुमची काही चूक नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर, ते मात्र सांगता येत नव्हतं.

नवऱ्यानं घरी फोन करून कळवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तसबिरीत फोटो नव्हता. आत्या मागच्या दारात बसल्या होत्या. मांडीवर पांढऱ्या धुवट फडक्यात तो गुंडाळलेला, शेजारी खुरपं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "एवढ्याशाला पुरावं लागतं का? तू शिकलेली हायेस, तुला ठाव असंल."

शंभरेक पेशी, ना हृदय, ना मेंदू. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी खुरपं उचललं. बांधाकडं चालताना मीच विचारलं, "किती खोल खणायचं, आत्या?"