मिस्त्रींचं फिरतं घर आणि दोन ग्राफिक्स कार्डं

नाटकाच्या लोकांत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. उभं आयुष्य त्यांनी रंगमंचावर घरं बांधली आणि प्रयोग संपले की स्वतःच्या हाताने मोडली. भिंत कापडाची का असेना, दार आपटल्यावर ती हलता कामा नये, हा त्यांचा हट्ट. तालमीला स्वतः दार आपटून बघायचे आणि भिंत जराशी थरथरली तरी सुतारांना परत शिडीवर चढवायचे.

साठी ओलांडली आणि पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परतलं, काठीच्या आधाराने चालणंही जमू लागलं, पण उजवा हात काही जागा झाला नाही. मिस्त्री दिवसदिवस खिडकीत बसून राहू लागले. मुलगी इस्पितळात परिचारिका होती. अशा बसण्याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. तिने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत आणून मांडला, पडद्यावर घरं उभी करायचा एक प्रोग्रॅम त्यात घातला आणि माउस मुद्दाम डावीकडे ठेवला.

"हे काय खेळणं आणलंस?"

"एक खुर्ची काढून दाखवा, बाबा. मग नावं ठेवा."

खुर्ची व्हायला बरेच दिवस गेले. झाली तीही एका पायाने आखूड. ती बघून बापलेक कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. मग डावा हात वळत गेला आणि खुर्चीमागून टेबलं, जिने, जाळीच्या खिडक्या निघू लागल्या.

अशात एक दिग्दर्शिका तब्येतीची चौकशी करायला आली. मिस्त्रींबरोबर तिची चार-पाच नाटकं झालेली. पडद्यावरचा जिना बघून ती खुर्ची ओढून बसलीच.

"मिस्त्री, नव्या नाटकात फिरता रंगमंच आहे. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला दवाखाना. कराल?"

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. ती कपबशा आवरण्यात गुंतल्यासारखं दाखवत होती.

"करतो," ते म्हणाले.

आणि कामाला लागले. लाकडाचा रंग मनातून द्यायचा नाही, खऱ्या फळीचा फोटो काढून तोच चिकटवायचा. दिवा लावला की सावली बरोबर तिथेच पडली पाहिजे. घर भरत गेलं तसा कॉम्प्युटर मात्र गळपटत गेला. रंगमंच फिरवायला जावं तर चित्र मध्येच गोठायचं. मिस्त्री चिडायचे, काठी आपटायचे. शेवटी मुलीने कॉम्प्युटर रिक्षात घातला, बाबांना शेजारी बसवलं आणि दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

दुकान एका हसतमुख बाईचं होतं. तिने झाकण उघडलं, आत डोकावली आणि म्हणाली, "काका, यात ग्राफिक्स कार्डच नाही. चित्राचं सगळं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरवर. हा इतके दिवस चालला कसा, तेच नवल."

मग तिने दोन कार्डं टेबलावर ठेवली. एक नवंकोरं, आटोपशीर, दोन पंख्यांचं. मेमरी आठ जीबी, वीज सव्वाशे वॅटच्या आत, वॉरंटीसकट. दुसरं आधीच्या पिढीतलं, एका स्टुडिओत वापरलेलं, विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. मेमरी बारा जीबी, पण वीज सव्वादोनशे वॅट आणि वॉरंटी संपलेली.

"सोपं करून सांगते," ती म्हणाली. "नव्याचा हात चपळ, पण कामाचं टेबल लहान. जुन्याचा हात जरा संथ, पण टेबल ऐसपैस."

"माझा हात एकच राहिलाय. टेबल तरी मोठं असू दे," मिस्त्री म्हणाले, आणि तिघंही हसली.

तिने दोन्ही कार्डं आळीपाळीने बसवून नेहमीची चाचणी लावली. नव्याने सेकंदाला नव्वदच्या आसपास चित्रं काढली, जुन्याने सत्तर.

"झालं की मग. नवंच घेऊ," मुलगी म्हणाली.

"ते परक्याचं चित्र होतं," मिस्त्री म्हणाले. "माझं घर लावून बघू."

नव्या कार्डावर रिकामा रंगमंच लोण्यासारखा फिरला. भिंती आल्या, जिना आला, तरी छान. लाकडाचे फोटो आणि दिवे चालू केले मात्र, मेमरी काठोकाठ भरली आणि चित्र सेकंदाला दोन-तीनवर येऊन रखडलं. मग जुनं बसवलं. पंखे घोंघावू लागले, पण अख्खं घर दिव्यांसकट सेकंदाला तिसाच्या वेगाने फिरलं. मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर धपकन बंद पडला.

"कार्डाचा दोष नाही," दुकानवाली म्हणाली. "आतला पॉवर सप्लाय म्हातारा झालाय, एवढी वीज त्याला झेपत नाही. तोही बदलावा लागेल. नाहीतर दुसरा उपाय आहे, काका. भिंतींच्या मागच्या बाजूलाही तुम्ही मोठाले फोटो लावलेत, खिळेसुद्धा काढलेत. ते काढून टाका, नव्या कार्डात सगळं मावेल. मागची बाजू प्रेक्षकांना कुठे दिसते?"

"प्रेक्षकांना नाही दिसत. पण नट तिथेच उभा असतो, अंधारात," मिस्त्री म्हणाले. "मला ती बघायची आहे."

मुलीचा जीव वॉरंटीत अडकला होता. दुकानवालीने कार्ड परत तपासून घेतलं, वर्षभरात काही झालं तर परत घेईन असा शब्द दिला आणि दणकट पॉवर सप्लाय बसवून दिला. जुनं कार्ड घरी आलं.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शिका येऊन बसली. मिस्त्रींनी तिला पडद्यावर घरभर हिंडवलं, मग भिंतीमागे नेलं आणि रंगमंच सावकाश फिरवला. जिन्याचा कठडा मागच्या खांबाला घासून जात होता. नायिका नेमकी तिथेच उभी राहून प्रवेशाची वाट बघणार होती.

दिग्दर्शिकेने पडद्यावरच्या त्या खांबावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे आपल्याला पहिल्या प्रयोगाला कळलं असतं."

"आता कळलंय ना. जिना हातभर आत घेऊ," असं म्हणत मिस्त्रींनी तो तिच्यासमोरच डाव्या हाताने सरकवला.

सुतारांनी त्या चित्रावरून घर बांधलं. पहिल्या प्रयोगाला मिस्त्री पुढच्या रांगेत बसले होते, शेजारी मुलगी. दिवे मंदावले, रंगमंच फिरला, घर गेलं आणि दवाखाना आला. कुठे कुरकुर नाही की धक्का नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींना दोन हातांनी त्या वाजवता येईनात, तेव्हा मुलीने आपला तळवा पुढे केला आणि ते त्यावर डावा हात मारत राहिले.

प्रयोगानंतर दिग्दर्शिका गर्दीतून वाट काढत आली.

"पुढचं नाटक जहाजावर घडतं, मिस्त्री."

"पाणी दाखवायचंय की नुसतं ऐकवायचंय?" त्यांनी विचारलं. काठी टेकत, जहाजाला डेक किती असावेत यावर तिच्याशी वाद घालत ते दाराकडे निघाले. मुलगी त्यांचा कोट हातात घेऊन मागून चालत होती.