धबधब्यापुढची लढाई

अकोल्यात गांधी रोडच्या एका बोळात गजेंद्र ताथोडचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बाकीच्यांनी हात टेकलेले फोन लोक त्याच्याकडे आणत. एकतिसाव्या वर्षी त्याच्या हातून बारीक स्क्रू हरवायला लागले. चिमट्यातून सुटलेला स्क्रू समोरच्याच मॅटवर पडलेला असे आणि दुकानातला त्याचा भागीदार कुलदीप तो उचलून देई. "इथंच तर हाये ना बाप्पा," तो म्हणे.

अमरावतीच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सरळ सांगितलं. नजर कडेकडेनं आवळत जाईल. नळीतून पाहिल्यासारखं दिसेल, मग ती नळी बारीक होत जाईल. यावर औषध नाही. धाकटी बहीण आकांक्षा सोबत होती. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं. मग तो म्हणाला, "आईले इतक्यात नको सांगू." तिनं मान हलवली, आणि एकदम लक्षात येऊन तोंडानं "बरं" म्हणाली.

गजेंद्रला कॉलेजपासून गेमचं वेड. त्यानं एक चॅनेल काढलं होतं. गेम घ्यायचा, शेवटपर्यंत खेळायचा आणि त्यातलं चांगलं-वाईट वऱ्हाडीत सांगायचं. ऐकणारे थोडे, पण पातूरपासून पुण्यापर्यंत विखुरलेले. पुरा खेळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्याचा नेम होता.

त्या उन्हाळ्यात त्यानं जपानी सामुराईचा तलवारीचा गेम घेतला. नाव लांबलचक होतं, घरात त्याला सगळे 'तलवारवाला' म्हणत. पहिल्या दिवशी त्याला नुसता मार बसला. शत्रू बाजूनं यायचा आणि बाजू तर त्याच्या नजरेतून गेलेली. चिडून त्यानं डोळे मिटले आणि बटणं दाबत राहिला, तेव्हा त्याला ऐकू आलं. वार करण्याआधी शत्रू श्वास आत ओढत होता. लाकडी चपला खडीवर सरकत होत्या, डाव्या कानात एक, उजव्या कानात एक. तलवार म्यानातून निघताना एक बारीक खरखर व्हायची. श्वास, खरखर, आणि मग बटण. त्याचा वार अचूक बसला.

तेव्हापासून दुपारी दुकान बंद ठेवून तो घरी येई आणि कूलर बंद करून खेळायला बसे. कूलरच्या घरघरीत चपलांचा आवाज बुडत असे. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. त्याची आई इंदूबाई पदरानं वारा घेत म्हणायच्या, "अबे, माणसं मारतं का काय?" पण मुलाच्या डोळ्यांचं आता त्यांना कळलं होतं. त्या स्वतःच उठून कूलरचं बटण बंद करायच्या.

लढाया जमल्या, चालणं जमेना. एका लढाईपासून दुसरीपर्यंत जायला डोंगर, बन, पडके पूल ओलांडायचे आणि वाट दाखवायला दूरवर लावलेली चिमुकली लाल निशाणं. त्यांना आवाज नव्हता. गजेंद्रचा सामुराई दहा-बारा वेळा कड्यावरून पडून मेला. शेवटी आकांक्षानं रिमोट हातात घेतला. ती चालायची आणि सांगायची, "आता बांबू हायेत. आता पूल आला. इथं एक म्हातारी बसून हाये, काई बोलत नाई." तलवार उपसली की रिमोट त्याच्या हातात. असा त्यांनी दोन महिन्यांत बहुतेक गेम संपवत आणला. तेवढ्यात एका बाईच्या फोनचा बोर्ड त्याच्या हातून जळाला. तिच्या गेलेल्या आईचे फोटो त्यात होते. ती रागावली नाही, नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं दुकान कुलदीपच्या हवाली केलं.

आकांक्षासाठी स्थळं येत होती. बाळापूरचं एक जवळजवळ ठरलं होतं, पण कोणीतरी त्यांच्या कानावर भावाच्या डोळ्यांचं घातलं. "हे घराण्यात असते म्हणतात," असा निरोप आला आणि गोष्ट तिथंच संपली. आकांक्षाचे डोळे डॉक्टरांनी तपासले होते, ते स्वच्छ होते. ते विचारायला कोणी आलंच नाही.

अमरावतीचं स्थळ आलं तेव्हा गजेंद्र म्हणाला, "माह्या डोळ्याचं यायले सांगायचं नाई."

"मले नाई जमणार," आकांक्षा म्हणाली. "खोटं बोलून मी कोणाच्या घरात जाऊ?"

"तू कुठं खोटं बोलून राहिली? तुले दिसते. मले काई विचारलं तर मी पाहून घेईन."

तोवर नजरेची नळी सुईच्या नेढ्याएवढी उरली होती; त्यानं चार दिवस बैठकीची पावलं मोजली. पाहुणे आले तेव्हा कूलरची मोटर जळाल्याचं सांगून कूलर बंद ठेवला. चपलांचा आवाज ओळखून त्यानं मुलाच्या वडिलांना हात जोडले. बांगड्या वाजल्या तिकडे वळून मुलाच्या आईला बसायला सांगितलं. कप ठेवताना होणाऱ्या आवाजावरून बिस्किटांची बशी नेमकी पुढे सरकवली. दीड तास तो असा लढला आणि कोणालाच काही कळलं नाही. जाताना मुलाचे वडील म्हणाले, "पोरीचा भाऊ मोठा अदबीचा हाये." दाराआड आकांक्षा रडत होती, तेही त्यालाच तेवढं ऐकू आलं.

लग्न झालं, मांडवात कुलदीप सतत गजेंद्रच्या बाजूला राहिला, आणि ती अमरावतीला गेली. गेममध्ये एकच लढाई उरली होती, शेवटची. सामुराईला तिनं त्या जागेपर्यंत आणून सोडलं होतं. कुलदीपनं ती लढाई आपल्या घरी खेळली होती. "धबधब्यासमोर हाये गजू, डोळे फाटतात पाहून," तो सांगत असे आणि मग एकदम थांबे.

गजेंद्र एकटा बसला. पाणी कोसळायला लागलं आणि त्याला दुसरं काहीच ऐकू येईना. श्वास नाही, चपला नाहीत, म्यानाची खरखर नाही. संगीत बंद करता येत होतं, शत्रूंचे आवाज वाढवता येत होते, पण पाण्याचा आवाज कमी करायची सोय गेममध्ये नव्हती. तो आठवडाभर मरत राहिला. मग त्यानं रिमोट ठेवला, मोबाइल हातात घेतला आणि नेम मोडून रेकॉर्डिंग केलं.

"हा गेम मी पुरा नाई खेळलो," तो म्हणाला. "आधी चांगलं सांगतो. याच्यात गर्दी मारायची नाई. एक माणूस समोर, तुमी थांबायचं, तो थांबणार. थांबणं शिकवणारा गेम मी दुसरा नाई पाह्यला. आवाज इतका बारीक बांधलाय का मले दिसत नाई तरी मी चाळीस लढाया जिंकलो. आता वाईट. वाट फक्त डोळ्याले दाखवतात. घावाचं काई मोल नाई, दवाईचा एक घोट पेला का माणूस पुन्हा नवा. अन् शेवटची लढाई इतकी सुंदर केली का माह्यासारख्याले तिथं जागाच नाई ठेवली. ज्यानं तो श्वासाचा आवाज भरला त्याले मी शोधून धन्यवाद देईन. ज्यानं धबधबा टाकला त्यानं त्याले विचारलं असतं तर बरं झालं असतं."

रेकॉर्डिंग चांगलं झालं होतं. चॅनेलवर टाकायला बोट पुढे झालं आणि तिथंच थांबलं. 'मले दिसत नाई' हे त्यात त्याच्या तोंडून होतं. अमरावतीत त्याच्या मेहुण्याचे दोन मित्र ते चॅनेल ऐकत असत. त्यानं ते फक्त आकांक्षाला पाठवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, मी आज घरी सांगते. मले असं नाई राहवत."

"नको सांगू."

"तू इथं येत नाई, मी सणाले आली तर हे सोबत येतात म्हणून तू मावशीकडं जाऊन बसतं. असं किती दिवस?"

तो काही बोलण्याआधी तिनं दुसरी बातमी सांगितली. तिला दिवस गेले होते. गजेंद्र खाटेवर बसला. आता सांगितलं तर त्या घरात नऊ महिने सगळे तिच्या पोटाकडे कसे पाहतील, हे त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं.

"लेकरू होऊ दे," तो म्हणाला. "मग पाहू."

अमरावतीलाच मुलगी झाली. बारसं चौथ्या महिन्यात ठरलं आणि त्याला मामानं यायलाच हवं, असा अमरावतीहून तीनदा निरोप आला. गजेंद्रनं दुकानात फार काम असल्याचं खोटंच कळवलं. इंदूबाई एकट्याच झबलं-टोपडं घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परतल्या. पाय धुऊन त्या त्याच्याजवळ येऊन बसल्या. पोरगी आजीवर गेली आहे, जावळ दाट आहे, असं सांगत राहिल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आई, बाजूनं कोणी गेलं तर मान वळवते का थे?"

"वळवते ना."

"आवाज न करता गेलं तरी?"

इंदूबाईंनी पदरानं ओले पाय पुसले. "मी दोन्हीकडून करून पाह्यलं," त्या म्हणाल्या. "कोणाचं ध्यान नसताना. दोन्हीकडं वळवते."