मामाने पाहिलेली जर्मनी

अख्ख्या गेवराई तालुक्यात आमच्या मामाइतका चौकस माणूस झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी बऱ्याच नवरदेवांची इच्छा आहे. भावकीतल्या कुठल्याही पोरीचं स्थळ पाहायला मामा हवाच. मुलगा काय शिकला, पगार किती, हे इतरांनी विचारावं. मामा चहा तसाच ठेवून "आलोच" म्हणत घराच्या मागच्या अंगाला जातो. एकदा तिथली म्हैस हडकुळी दिसली म्हणून त्यानं चांगला इंजिनिअर नवरा नाकारला. "जनावराला पोटभर घालीनात, ते सुनेला काय घालतील?" एवढं बोलून तो जीपमध्ये जाऊन बसला. बाकीचे अजून पोहेच खात होते.

अशा माणसाच्या हाती माझं नशीब गेलं. पुढच्या शिक्षणासाठी मला तीन देशांतून बोलावणं आलं होतं. आईचा होकार होता, पण दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं, "तुझा मामा व्हय म्हणला तर जा. न्हाई तर बीडलाच शीक." आणि जागा तर सोमवारपर्यंत पक्की करायची होती!

मामा आला आणि नकाशा मांडीवर घेऊन बसला. ऑस्ट्रेलिया त्यानं बघता बघता उडवला. "चहूकडून पाणीच की! रुसून निघालीस तर येशील कशानं?" मी नांदायला नाही, शिकायला चाललेय, हे मी हजारदा सांगितलं, पण ऐकेल तर तो मामा कसला! आयर्लंडभोवतीही पाणीच, पण तिथं तो जरा थांबला. "ह्यो वरचा तुकडा येगळ्या रंगाचा कावून?" तो इंग्लंडकडं आहे आणि त्यावरून जुनं भांडण आहे, असं मी बावळटासारखं सांगून बसले. झालं! "म्हंजी बांधाचा वाद हाय. असल्या घरात आपली पोर द्यायची न्हाई."

उरली जर्मनी. तिथं शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं हौसेनं विद्यापीठाची इमारत दाखवली, वाचनालय दाखवलं. मामा म्हणाला, "बाई, ते ऱ्हाऊ दे. मागच्या अंगाला चल." बिचारी मागं गेली. तिथं कचऱ्याचे डबे ओळीनं उभे होते, कागदाचा निळा, भाजीपाल्याचा तपकिरी. मामानं एकेकाचं झाकण उघडायला लावलं, आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली. "लई बेस. उकिरडा असा ठिवणाऱ्या लोकांत पोर द्यायला हरकत न्हाई." मी त्याच रात्री जागा पक्की केली.

आता मला इथं येऊन वर्ष होत आलं. परवा आईचा फोन आला. म्हणाली, मामानं टोपी काढली. मला धस्सच झालं. स्वतःच्या लग्नातसुद्धा ज्याचं डोकं कुणी पाहिलं नाही, तो माणूस बीडला जाऊन उघड्या डोक्यानं फोटो काढून आला होता. पासपोर्टसाठी. आईनं कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसला, "पंचमी आली की! लेकीला माहेरी आणायला मुराळी जायला नगं?"

पंचमीला माझी परीक्षा आहे. ते सांगायचं म्हणूनच मी त्याला फोन लावला. पण माझ्या आधी तोच बोलला, "बाळा, पिशवी भरून ठिव. मी निघालो की कळवतो."

मला रडूच आलं. म्हटलं, "भरून ठेवते, मामा."