बॉनेटची दुसरी वायर

जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस आपल्याला दगा देणार, या खात्रीवर इतका आनंदात जगणारा माणूस माझ्या नणदेच्या नवऱ्याखेरीज दुसरा नसेल. कचेरीतून निवृत्त होऊन भाऊजी यवतमाळातच राहतात. त्यांच्या पायजम्याला नाडी असते आणि वर पट्टाही असतो. पहाटे उठायचे असेल तर ते गजराची दोन घड्याळे लावतात, शिवाय ताईंना, म्हणजे माझ्या नणदेला, उठवायला सांगतात, आणि तिन्ही वेळेवर वाजतात की नाही हे बघायला स्वतः आधीच उठून बसतात. एकदा आमच्याकडे जेवायला बोलावले तर घरून डबा घेऊन आले. "वहिनी, तुमच्यावर भरोसा आहे, गॅसवर नाही," म्हणाले. मी तो डबाच त्यांच्या ताटात वाढला. तेव्हापासून डबा आणत नाहीत, निदान दाखवत तरी नाहीत.

या बंदोबस्तातून सुटली होती ती त्यांच्या वडिलांची जुनी मोटार. तिला जोडीला दुसरी आणणे शक्य नव्हते आणि तिचे भाग आता कुठे मिळत नाहीत. ताई तिला सरळ खटारा म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात ती दोनदा वाटेत बसली, तेव्हा ताईंनी निकाल दिला. "आता एक डाव रस्त्यात थांबली, का उमरखेडचा तो वरातीले जुन्या गाड्या देनारा इकत घेऊन जाईन. मले या वयात धक्का मारनं जमत नाही." भाऊजींनी कबूल केले. दिलेला शब्द ते मोडत नाहीत, हीच पंचाईत.

मग ते कामाला लागले. या गाडीचे बॉनेट उघडायला स्टिअरिंगखाली एक मूठ आहे. ती ओढली की वायर ताणली जाते आणि पुढची कडी सुटते. "वायर तुटली तर बॉनेट उघडन कसं? अन् ते उघडलं नाही तर पानी टाकू कुठून?" हा प्रश्न ते भेटेल त्याला विचारत. मला भर बाजारात, वांगी निवडताना विचारला. शेवटी त्यांनी सायकलच्या ब्रेकची वायर त्याच कडीला बांधली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कपाटाच्या खणाची पितळी मूठ लावली. मिस्त्री म्हणाला, वायर आत घ्यायला इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला वेगळे भोक पाडू. भाऊजी उखडले. "माह्या बापाच्या गाडीले भोक? उद्या म्हनशीन त्यायच्या फोटोले खिळा ठोकू!" त्यामुळे दोन्ही वायरी एकाच भोकातून आणल्या. मावेनात, म्हणून दोन्हींवरची नळी तेवढ्यापुरती सोलून टाकली.

पुढे नेरला एका नातेवाइकांकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. आम्ही तिघे त्याच गाडीने निघालो आणि नेर यायच्या आत बॉनेटमधून वाफ निघू लागली. गाडी कडेला घेतली. ताईंनी पिशवीतून फोन काढून हातात धरला, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. भाऊजींनी नेहमीची मूठ ओढली, तर ती वीतभर वायरीसकट हातात आली. माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"तुटली! वहिनी, तुटली!"

त्यांनी पितळी मूठ ओढली. खट् आवाज झाला आणि बॉनेट सुटले. थोडी वाफ जाऊ देऊन पाणी घातले आणि गाडी सुरू झाली.

"थांबली ना पन," ताई म्हणाल्या.

"थांबली नाही. म्या थांबवली."

साक्षगंधात त्यांनी निम्मा मांडव हाताला धरून गाडीपाशी नेला. मुलीकडच्यांना वाटले, ही गाडी नवरदेवाचीच आहे. ते जरा काळजीत पडले. पण असेच कुणाला तरी दाखवताना भाऊजींनी तुटलेले टोक डोळ्यांजवळ धरले आणि मूठ खिशात घातली. मी शेजारी होते, मलाही दिसले. वायर ओढून तुटलेली नव्हती. भोकापाशी ती घासून घासून कापली गेली होती. सोबतीला आणलेली ब्रेकची वायर प्रत्येक खड्ड्यात तिला करवतीसारखी कापत होती.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मीच गप्प बसले होते. भाऊजींनी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ताईंना सांगितले, "माह्याच वायरनं ती वायर कापली. गाडी थांबलीच होती. लाव फोन उमरखेडले."

ताईंनी फोन लावला, पण मिस्त्रीला. म्हणाल्या, "सकाळी ड्रिल मशीन घेऊन ये."

सकाळी मिस्त्रीने, बापाच्या गाडीला भोक मुलानेच पाडावे म्हणून, मशीन भाऊजींच्या हातात दिली. भाऊजी ती धरून नुसते उभे राहिले.

"सरका," ताई म्हणाल्या. "मामाजींले वर गेल्यावर मी सांगीन, सुनेनं पाडलं म्हनून."

ताईंनी जन्मात ड्रिल धरलेले नव्हते. मिस्त्रीने नुसते टोक टेकवून दिले. भोक जरा तिरके पडले. तेवढा वेळ भाऊजी गाडीकडे पाठ करून अंगणातल्या जास्वंदीपाशी उभे होते. आवाज थांबला तरी वळेनात. ताईंनी पदराने कीस झटकला, भोकाच्या कडेवरून एकदा बोट फिरवले आणि जास्वंदीकडे न बघताच म्हणाल्या,

"या आता. काही दुखलं नाही तिले."